धनको आणि ऋणको

जमाखर्चाची वही हा नीतिशास्त्राचा विषय होऊं शकतो, असें कोणी म्हटल्यास पुष्कळांस तें चमत्कारिक वाटेल. हिशेब एक तर बरोबर असतो किंवा चूक असतो. त्यांत धर्माधर्माचा प्रश्न येतो कोठें? अफरातफर झालेली नाहीं, बेरीज चुकलेली नाहीं, पावत्या जागच्या जागीं आहेत, एवढें ठरलें म्हणजे हिशेबनिसाची व त्याच्या धन्याची सचोटी सिद्ध झाली, अशी आपली व्यवहारांतील समजूत आहे. ती खोटी नाहीं. पण अपुरी आहे. हिशेब वर्षानुवर्षें चोख राहूनही एखादें राष्ट्र आपल्या ऋणांतून मुक्त झालेलें नसणें शक्य आहे काय? शक्य असल्यास दोष कोठें राहिला? या प्रश्नाचा विचार करण्यास कॅनडा देशांतील एका सरकारी खात्याचें उदाहरण फार उपयोगी पडण्यासारखें आहे.

कॅनडाच्या मूळ रहिवाशांत फर्स्ट नेशन्स, इन्युइट व मेटी असे तीन समाज मानले जातात. मूळ रहिवाशांच्या कारभारासाठीं मध्यवर्ती सरकारनें १८८० सालीं एक स्वतंत्र खातें काढलें. १९६६ सालीं उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांचा कारभारही त्याला जोडण्यांत आला. पुढें त्याचीं नांवें वारंवार बदललीं. आणि २०१७ सालीं त्याचीं दोन खातीं करण्याचें ठरलें. त्यांपैकीं एक करारमदार व उत्तरेकडील प्रदेश यांचें काम पाहतें, तर दुसरें आरोग्य, शिक्षण, पाणीपुरवठा इत्यादि सेवा पुरवितें. २०११ सालापासून तेथें असा नियम आहे कीं, सरकारच्या प्रत्येक खात्यानें आर्थिक वर्षाच्या पहिल्या तीन तिमाहींचा हिशेब, तिमाही संपल्यापासून साठ दिवसांच्या आंत लोकांपुढें मांडला पाहिजे. तेथील आर्थिक वर्षही आपल्याप्रमाणेंच १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतें. तेव्हां ‘मार्चअखेर’ या शब्दाचा धाक आपल्याकडील कचेऱ्यांस जितका, तितकाच तिकडील कचेऱ्यांसही असावा.

या तिमाही पत्रकाचें स्वरूप अगदीं साधें असतें. पार्लमेंटनें वर्षाकरितां मंजूर केलेली रक्कम किती, कायद्यानेंच बांधून दिलेला खर्च किती, चालू तिमाहींत त्यांतून किती खर्चीं पडलें, वर्षारंभापासून किती, आणि गतवर्षीं याच काळांत किती, असे आंकडे शेजारीं शेजारीं दिलेले असतात. दुसऱ्या कोष्टकांत पगार, प्रवास, भाडें, अनुदानें अशी वर्गवारी असते. मोठा फरक दिसला कीं त्याचें कारण सांगावें लागतें: अमुक दाव्याची तडजोड झाली, अमुक रक्कम या तिमाहीऐवजीं पुढच्या तिमाहींत दिली जाईल. शेवटीं खात्याचा मुख्य सचिव व मुख्य वित्ताधिकारी यांच्या सह्या असतात. पत्रक बाहेरच्या हिशेबतपासनिसानें तपासलेलें नाहीं, हेंही त्यांत स्पष्ट लिहिलेलें असतें. सार्वजनिक पैशाविषयीं इतका उघडेपणा सर्वत्र असता तर जगाचें पुष्कळ हित झालें असतें. पुढें जें लिहावयाचें आहे तें या पत्रकाच्या निंदेसाठीं नव्हे, हें प्रथमच सांगून ठेवतों.

परंतु अशा पत्रकावरून नजर फिरविणाऱ्या सामान्य करदात्याच्या मनावर ठसा कोणता उमटतो? एक बाजू देते आहे व दुसरी घेते आहे, हाच. देणाराचें नांव ‘सरकार’, घेणाराचें नांव ‘मूळ रहिवासी’. एखाद्या दाव्याची तडजोड होऊन जुनें देणें फेडलें गेलें, कीं त्या तिमाहीचा आंकडा एकदम फुगतो, आणि कारणाची ओळ न वाचणारा मनुष्य सहजच म्हणतो, “या लोकांवर यंदा किती हा खर्च!” वस्तुतः खर्च आणि कर्जफेड या भिन्न गोष्टी आहेत. वाण्याची थकलेली बाकी चुकती करणारा गृहस्थ त्या महिन्यांत आपण फार दानधर्म केला असें म्हणूं लागला, तर त्याची बेरीज बरोबर असूनही आपण त्याला हंसूं. राष्ट्राच्या बाबतींत मात्र हें हंसूं आपल्याला येत नाहीं.

येथें एक करार पाहण्यासारखा आहे. १८५० च्या सप्टेंबरांत ह्यूरन व सुपीरियर या सरोवरांच्या उत्तरेस राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांनीं ब्रिटिश राजसत्तेशीं दोन करारनामे केले. राजसत्तेच्या वतीनें रॉबिन्सन नांवाचा गृहस्थ बोलणीं करीत होता, म्हणून त्यांना त्याचेंच नांव पडलें. विस्तीर्ण मुलूख राजसत्तेच्या हवालीं झाला. त्याच्या मोबदल्यांत दरसाल कांहीं रक्कम देण्याचें ठरलें. आपल्या भाषेंत तिला वर्षासन म्हणावें लागेल. मात्र वर्षासन या शब्दाला आपल्याकडे दक्षिणेचा जो वास येतो तो येथें मुळींच लागू नाहीं. हा सरळ सौदा होता. करारांत आणखी एक कलम होतें: त्या भूमीचें उत्पन्न वाढून, सरकारला तोटा न येतां अधिक देतां येईल अशी स्थिति आली, तर ही रक्कम वाढवावी. १८७५ सालीं ती माणशीं चार डॉलर झाली. त्यानंतर त्या मुलुखांतून इमारती लांकूड निघालें, खनिजें निघालीं, आगगाड्या गेल्या, शहरें वसलीं. पण चाराचे पांच झाले नाहींत.

आतां हिशेबाच्या दृष्टीनें पाहूं. दरसाल माणशीं चार डॉलर खर्चीं पडत, आणि दरसाल वहींत माणशीं चार डॉलरच लिहिले जात. सुमारें दीडशें वर्षें त्या नोंदींत हिशेबनिसाला कांहीं गैर दिसण्याचें कारण नव्हतें. तरीही २०२४ च्या जुलैंत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निर्णय दिला कीं, राजसत्तेनें हा करार दीर्घकाल मोडला आहे. तत्पूर्वीं, २०२३ सालीं, ह्यूरनकडील लोकांशीं मागील थकबाकीपोटीं दहा अब्ज डॉलरांची तडजोड ठरली होती. तींतील निम्मा भार मध्यवर्ती सरकारनें व निम्मा ऑन्टारिओ प्रांतानें उचलावयाचा होता. म्हणजे ज्या वहींत एका पैचीही चूक नव्हती, तिच्या मागें अब्जावधींचें ऋण उभें होतें. चूक बेरजेंत नव्हती. कोणती रक्कम लिहावयाची हें ठरविण्याचा अधिकार ऋणकोनें एकट्यानें आपल्याकडे ठेवला होता, ही चूक होती.

यावर हिशेबशास्त्र जाणणारा मनुष्य म्हणेल, “नैतिक ऋणें वहींत कशीं लिहावीं? ज्याचा आंकडा ठरलेला नाहीं तें खात्यावर चढवितां येत नाहीं.” हा आक्षेप योग्य आहे, आणि तेथील वार्षिक राष्ट्रीय हिशेबांत अशा दाव्यांची तरतूद दाखविण्याचा प्रघातही आहे. पण ती केव्हां दाखवितात? देणें पदरीं येण्याचा पुरेसा संभव दिसूं लागल्यावर व रकमेचा अदमास करतां येऊं लागल्यावर. हिशेबाच्या सोयीसाठीं हा नियम ठीक आहे. नीतीचा नियम म्हणून तो चालणार नाहीं; कारण त्याचा अर्थ असा होतो कीं, धनको दारांत येऊन बसेपर्यंत ऋणच नाहीं. आणि या धनकोला दारापर्यंत येऊं तरी दिलें होतें काय? १९२७ सालीं कॅनडाच्या पार्लमेंटनें कायद्यांत असें कलम घातलें कीं, इंडियन लोकांनीं आपल्या हक्कांच्या दाव्यासाठीं सरकारच्या परवानगीवांचून पैसे जमवूं नयेत, व दुसऱ्या कोणींही ते घेऊं नयेत. तें १९५१ पर्यंत अमलांत होतें. ऋणकोनें धनकोस वकील देण्याची मनाई करावी, आणि मग “आमच्याकडे कोणाचा दावा नाहीं” म्हणून वही मिटावी, याला सचोटी म्हणतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजचा कॅनेडियन करदाता म्हणेल, “हे करार मीं केले नाहींत, मोडलेही नाहींत. माझे आईबाप तर दुसऱ्या देशांतून येथें आले. पूर्वजांच्या पापाचें प्रायश्चित्त मीं कां घ्यावें?” पाप आणि ऋण यांत येथें भेद केला पाहिजे. दुसऱ्याचें पाप आपल्याला लागत नाहीं, हें मान्य. ऋण मात्र मालमत्तेबरोबर येतें. आपल्या स्मृतिकारांनीं ऋणादानाचा विचार करतांना जो वारसा घेईल त्यानें ऋण फेडावें, असा दंडक घातला होता. त्यांत दोषारोप नव्हता, केवळ न्याय होता. त्या भूमींतील रस्ते, खाणी, विद्यालयें यांचा वारसा आज आलेल्या माणसालाही मिळतो. वारसा हवा व त्यावरचा बोजा नको, असें म्हणण्याची सोय कोणत्याच धर्मशास्त्रांत नाहीं.

एकदां हें नातें उलटें समजलें गेलें म्हणजे पुढचा सारा व्यवहारही उलटा होत जातो. १९९६ पासून वीस वर्षें या लोकांच्या मूलभूत सेवांवरील अनुदानाची वाढ दरसाल शेंकडा दोनांवर अडविण्यांत आली होती. लोकसंख्या व महागाई यांना अर्थातच असा बांध नव्हता. दान देणारा आपल्या ऐपतीप्रमाणें हात आंखडूं शकतो. ऋणकोला तो अधिकार नाहीं. २००२ सालीं तेथील महालेखापरीक्षकांच्या अहवालांत आढळून आलें कीं, चार सरकारी संस्थांना मिळून एकेका फर्स्ट नेशनला वर्षाकांठीं किमान १६८ अहवाल पाठवावे लागतात. आणि त्यांतील कित्येक वस्त्या पांचशें माणसांच्याही नाहींत. धनकोनें ऋणकोपुढें हिशेब देत बसावें, असा हा देखावा आहे.

तिमाहीचें मापसुद्धां त्या प्रदेशाला बेताचेंच बसतें. नुनावुत प्रदेशांतील गांवांना बाहेरचा रस्ता नाहीं. अवजड सामान समुद्र मोकळा असेल त्या उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत जहाजानें येतें. इतरत्र कित्येक वस्त्यांना हिंवाळ्यांत गोठलेल्या सरोवरांवरून वाट होते, तीही कांहीं आठवडेच टिकते. जहाजें परतल्यावर मंजूर झालेला पैसा कागदावर वेळेवर असतो, घराच्या पायापाशीं मात्र एक वर्ष उशिरा पोंचतो. ऑन्टारिओंतील नेस्कांटागा या वस्तींत पाणी उकळून पिण्याचा हुकूम १९९५ सालीं निघाला. असे दीर्घकालीन हुकूम सर्वत्र उठविण्याची सरकारनें जी मुदत घातली होती ती २०२१ च्या मार्चमध्यें संपली, तेव्हांही तो कायम होता. इतक्या काळांत शंभर तिमाह्या उलटल्या.

सर्वांत विदारक गोष्ट एका बालकाची आहे. मॅनिटोबांतील नॉर्वे हाउस येथील जॉर्डन हें मूल १९९९ सालीं गंभीर व्याधी घेऊन जन्मलें. दोन वर्षांचें झाल्यावर त्यानें इस्पितळ सोडून घरगुती वातावरणांत राहण्यास डॉक्टरांची हरकत नव्हती. पण तेथील शुश्रूषेचा खर्च मध्यवर्ती सरकारनें सोसावा कीं प्रांतानें, यावर वाद सुरू झाला. तो वाद मिटला नाहीं, आणि २००५ सालीं वयाच्या पांचव्या वर्षीं तें मूल इस्पितळांतच वारलें. २००७ च्या डिसेंबरांत तेथील लोकसभेनें त्याच्या नांवानें एक तत्त्व मान्य केलें: ज्या सरकारकडे प्रथम मागणी येईल त्यानें आधीं खर्च करावा, भांडण मागाहून मिटवावें. हें तत्त्वही सरकार फार संकुचित अर्थानें लावतें, आणि मुलांच्या संगोपनासाठीं अपुरा पैसा देणें हा भेदभाव होय, असा ठपका २०१६ सालीं मानवी हक्क न्यायाधिकरणानें ठेवला. त्या बालकाच्या बाबतींत दोन्ही कचेऱ्यांनीं आपापलें अंदाजपत्रक राखलें. मूल मात्र कोणाच्याच खात्यावर चढलें नाहीं.

अशा वेळीं अधिकाऱ्यांच्या हृदयशून्यतेला दोष देण्याचा मोह होतो. पण इतिहास अधिक विचार करावयास लावतो. डंकन कॅम्पबेल स्कॉट हा गृहस्थ या खात्यांत कारकून म्हणून शिरला, हिशेबनीस झाला, आणि १९१३ पासून १९३२ पर्यंत खात्याचा मुख्य होता. तो कॅनडाच्या नामांकित कवींपैकीं एक होता, आणि याच लोकांच्या जीवनावर त्यानें करुण कविता लिहिल्या. १९०७ सालीं डॉ. पीटर ब्राइस यांनीं या लोकांच्या निवासी शाळांची पाहणी करून कळविलें होतें कीं, ज्यांची माहिती मिळाली त्या विद्यार्थ्यांपैकीं जवळजवळ चतुर्थांश मरण पावले आहेत. त्यांच्या सूचना अमलांत आल्या नाहींत. उलट १९२० सालीं स्कॉटच्या कारकीर्दींत या मुलांस सक्तीनें शाळेंत घालण्याचा अधिकार सरकारनें घेतला. म्हणजे खात्याच्या मुख्य स्थानीं बिनचूक हिशेब व कोमल कल्पनाशक्ति हीं दोन्ही नांदत होतीं. कमी होती ती एकच जाणीव: समोरचा मनुष्य आपला आश्रित नसून आपला धनको आहे. करुणा त्या जाणिवेची जागा घेऊं शकत नाहीं. कारण करुणा करणारा उंचावर बसलेला असतो.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें दिसतें कीं, हिशेबाची सचोटी ही नीतीची पहिली पायरी आहे. तिच्यावांचून पुढें जातां येत नाहीं, पण तेथें थांबतांही येत नाहीं. ही रक्कम देणें म्हणून लिहिली कीं देणगी म्हणून, आणि ती ठरवितांना दुसऱ्या बाजूस बोलूं दिलें होतें काय, एवढें तरी वही उघडणारानें विचारलें पाहिजे. कॅनडांत २०१९ पासून कांहीं फर्स्ट नेशन्सना दहा वर्षांचें अनुदान एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. तींत न खर्चलेली रक्कम पुढील वर्षीं ठेवतां येते, आणि हिशेब मुख्यतः स्वतःच्या लोकांना द्यावयाचा असतो. हा बदल लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. ज्याचा पैसा त्याच्या हातीं वही येणें, हेंच ऋणमुक्तीचें पहिलें चिन्ह होय. तिमाहीचे आंकडे पूर्वींइतकेच चोख राहोत; फक्त त्यांच्याखालीं सही करणारानें आपण कोणाच्या बाजूनें बसलों आहोंत हें ओळखावें.