वाण आणि गुण

कवी बा. भ. बोरकर (१९१०–१९८४) यांना आम्ही गोमंतकीय अजूनही ‘बाकीबाब’ म्हणूनच ओळखतो. त्यांच्या काही संग्रहांची नावे कालक्रमाने मांडली, तरी एक प्रवास नजरेस येतो : ‘दूधसागर’ (१९४७), ‘चित्रवीणा’ (१९६०), ‘चैत्रपुनव’ (१९७०), ‘कांचनसंध्या’ (१९८१) आणि ‘चिन्मयी’ (१९८४). दुधाची शुभ्रता, पुनवेचे चांदणे, सांजेचे सोने आणि अखेरीस जिला रंगच नाही अशी जाणीव. हे संग्रह पुन्हा वाचताना आम्हांस एक प्रश्न पडला. रंगांत इतका रमणारा माणूस स्वतःला शोधत असतो, की स्वतःपासून व जगापासून दूर जात असतो?

शंका हलकी नाही. मुरगावकरांना तांबडा रंग दोन परींनी ठाऊक आहे. एक पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा. दुसरा डिचोलीकडून मांडवीमार्गे बार्जमधून आमच्या बंदरात येणाऱ्या लोहखनिजाचा. पावसाळ्यात खाणींच्या ढिगाऱ्यांतील गाळ शेतांत उतरला, की भाताचे हिरवेपण या दुसऱ्या तांबड्याखाली जाते. त्याच तांबड्यावर कित्येकांचे संसार चालले, हेही खरे. खाणकाम २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली थांबले. २०२४ मध्ये ते डिचोलीत परत सुरू झाले. अशा भूमीत हिरव्या-निळ्याचे गाणे गाणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे काय?

आम्हांस तसे वाटत नाही. मराठीत ‘रंगणे’ म्हणजे अंगावर रंग चढणे आणि तल्लीन होणेही. तल्लीनतेत पाहणारा व पाहिलेले यांतील अंतर सरते. आणि ज्याच्याशी अंतर सरले, त्याची हानी परक्याची राहत नाही. ज्याने शेताचे हिरवेपण कधी डोळे भरून पाहिले नाही, त्याला गाळाखाली काय गेले हे कळावे कसे?

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण कुसंगतीविषयी योजतो. काव्याच्या संगतीसही ती लागू पडते. वाण म्हणजे रंग. बाकीबाबांचे रंग उसने आणून कोणाच्या अंगी लागत नाहीत. त्यांचा पाहण्याचा गुण मात्र लागू शकतो. आत्मशोध म्हणजे आपला एखादा रंग ठरवून तो मिरविणे, अशी समजूत पुष्कळदा आढळते. आम्हांस तो शोध अधिक अवघड वाटतो. आपण कोणते रंग पाहिले, त्यांतले कोणते आपल्या देखत गेले आणि त्या वेळी आपण काय केले, हे स्वतःस विचारावे लागते.

पेडणे-डिचोलीकडे मुळे असलेल्या आपल्या घराण्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही. भरलेल्या बार्ज बंदरात शिरताना आम्ही धक्क्यावरून कितीदा तरी पाहिल्या. कोणता डोंगर तेवढ्याने खाली आला, हे विचारल्याचे मात्र आम्हांस आठवत नाही.