देहाची लाज आणि शुश्रूषेची नीती

मृत्यूविषयी साहित्याने आणि तत्त्वज्ञानाने विपुल चिंतन केले आहे. मरणोन्मुखाच्या मलावरोधाविषयी मात्र दोघेही बहुधा मौन पाळतात. हृदयाची व्यथा उदात्त आणि आतड्यांची यातना हीन, अशी ही प्रतवारी आहे. ती नीतीच्या कसोटीला उतरते काय?

टॉलस्टॉय यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या दीर्घकथेत हे मौन मोडलेले आढळते. शौचासाठीही परक्याचे साहाय्य घ्यावे लागणे ही न्यायाधीश इव्हानच्या दृष्टीने वेगळीच यातना आहे. घरचे सारे त्याच्या आजाराविषयी असत्याचा आश्रय घेत असता गेरासिम हा तरुण नोकर ते काम प्रसन्नपणे करतो. त्याला किळस नाही. म्हणूनच असत्याची गरजही नाही.

सिसली सॉण्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि अशा शुश्रूषेला शास्त्राची बैठक लाभली. मॉर्फीन वेदना शमवते; पण आतड्यांची गतीही मंदावते, आणि रेंगाळलेला मल कोरडा होतो. औषधामुळे येणारी ग्लानी व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, मलावरोध सहसा ओसरत नाही. म्हणून मॉर्फीनबरोबरच सोनामुखीसारखे रेचक देण्याचा प्रघात आहे. पाणी फारसे न घेऊ शकणाऱ्या रुग्णाला घरगुती इसबगोल मात्र अपायकारक ठरू शकतो. मलावरोधाची विचारपूसच झाली नाही, तर पोट मोकळे व्हावे म्हणून रुग्ण कधी मॉर्फीनच टाळतो आणि मुकाट्याने वेदना पत्करतो.

भारतात ही शुश्रूषा बहुधा घरातच, मुलीच्या वा सुनेच्या हातून घडते. वडिलांना, सासऱ्यांना हा प्रश्न विचारताना तिची जीभ अडखळते. उत्तर देताना त्यांची मान खाली जाते. हा संकोच दोघांनाही परस्परांविषयीचा आदर वाटतो, आणि त्या आदराचे मोल रुग्णाचा देह चुकवतो.

तथापि विचारणे म्हणजे देहावर अधिकार गाजवणे नव्हे. बस्ती देण्यापूर्वी संमती हवी, आडोसा हवा. अखेरच्या दिवसांत, रुग्णाला त्रास नसेल तर, नियमित शौचाचा आग्रहही सोडावा लागतो. केव्हा विचारावे आणि केव्हा थांबावे, याचा विवेक औषधांच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा आहे. ‘आज पोट साफ झाले का?’ हा प्रश्न ज्या घरात सहजपणे विचारता येतो, त्या घरात मरणाऱ्याला आपल्या देहासह एकटे पडावे लागत नाही.