विटांचा हिशेब आणि भुशाचा हिशेब

मोठ्या बांधकामांवर हजेरीपटाची जागा आता यंत्र घेऊ लागले आहे. मजूर फाटकापाशी यंत्राला चेहरा दाखवितो आणि त्याची वेळ नोंदली जाते. मुकादम मोबाईलवर दिवसाचे काम भरतो. किती वीटकाम झाले, किती गिलावा झाला, हे मालकाला कचेरीत बसून दिसते. यात मुळातच काही पाप आहे काय?

आम्हांला तसे वाटत नाही. हिशेब चोख ठेवणे हा सद्गुणच आहे. हजेरी खरी नोंदलेली असली, तर मजुराची मजुरी बुडविणेही कठीण होते. अमेरिकेत 1885 साली गवंडीकामाला लागलेल्या फ्रँक गिलब्रेथ यांनी पुढे वीट रचणाऱ्याच्या हालचाली मोजल्या व 18 हालचालींच्या जागी सुमारे 5 पुरतील असे दाखविले. विटा हाताशी राहतील अशी परांचीही त्यांनी योजली. प्रत्येक विटेसाठी वाकण्याचे गवंड्याचे कष्ट त्यामुळे वाचले.

परंतु पवित्र शास्त्रात दुसऱ्या एका मोजणीची कथा आहे. निर्गमाच्या 5व्या अध्यायात फारो इस्राएली लोकांना भुसा देणे बंद करतो. विटा मात्र पूर्वीइतक्याच मागतो. संख्या भरली नाही की त्यांच्यातीलच नायकांना मार बसतो, आणि वर आळशीपणाचा ठपका येतो. फारोचा विटांचा आकडा खोटा नव्हता. भुसा दिला नाही, ही गोष्ट मात्र त्याने हिशेबात धरली नाही. अन्याय तेथे होता.

आजही रेती उशिरा येते, वीज जाते, वैशाखाच्या उन्हात कामगाराला भोवळ येते. या गोष्टींना नोंदीत जागा नसली, की घटलेल्या आकड्याचा दोष एकट्या मजुराच्या माथी बसतो. ज्या आकड्यावर त्याची भाकरी अवलंबून, तो पाहण्याचा वा त्याबद्दल विचारण्याचाही त्याला अधिकार उरत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 सालच्या श्रमविषयक परिपत्रकात शिकविले, की श्रमाचे मोल प्रथम श्रम करणाऱ्या व्यक्तीत असते, निर्माण झालेल्या वस्तूत नंतर. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील जानेवारी 2025 च्या व्हॅटिकनच्या टिपणातही कामगारांवरील यांत्रिक पाळतीविषयी सावध केले आहे.

आपल्या धर्मग्रामांत ठेकेदार आहेत, अभियंते आहेत, घर बांधून घेणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यापुढे आम्ही एवढाच प्रश्न ठेवतो: आपल्या हिशेबात भुशाचा रकाना आहे काय? मत्तयाच्या 20व्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा धनी दिवस कलल्यावरही रिकाम्या उभ्या असलेल्यांना आळशी ठरवीत नाही. तो त्यांना कारण विचारतो, उत्तर ऐकून घेतो आणि मगच त्यांना मळ्यात पाठवितो. यंत्राने आकडा अवश्य सांगावा. कारण विचारण्याचे काम मात्र माणसाने माणसाजवळ जाऊनच केले पाहिजे.