न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

आपल्या मालातील दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगितलाच पाहिजे काय? गिऱ्हाइकाने विचारले तर खोटे बोलू नये, हे आपण सर्वजण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकलो. पण त्याने विचारलेच नाही तर? नीतिशास्त्रात हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे. माझ्या अंगणात मात्र तो गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका जुन्या पिकअप गाडीच्या रूपाने येऊन उभा राहिला.

तलासरी भागातील आमच्या धर्मग्रामाची ही गाडी. इंजिनाची ओढ चारही चाकांना देणारी, म्हणजे इकडच्या बोलीत ‘फोर बाय फोर’. शहरातल्या वाचकाला हा थाट वाटेल. पण महामार्ग सोडून उधवा, सायवन, गंभीरगडाच्या पायथ्याकडे ज्याने भर पावसाळ्यात प्रवास केला आहे, तो तसे म्हणणार नाही. इथले पाडे टेकड्यांच्या उतारांवर विखुरलेले. ओहोळाला पाणी चढले की रस्ता कोणता आणि ओहोळ कोणता हा भेद उरत नाही. मागची चाके चिखलात नुसती गरगरत राहतात आणि अशा वेळी पुढच्या चाकांनी ओढले तरच माणूस घरी पोहोचतो. या गाडीने मिस्सेचे साहित्य वाहिले, बोर्डिंगचा तांदूळ वाहिला, अडलेल्या बाळंतिणींना रात्री-अपरात्री कासा येथील रुग्णालयात पोहोचविले. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले आणि माणसे थंडीत घराबाहेर झोपू लागली, तेव्हा तिने ताडपत्र्याही वाहिल्या.

इतकी सेवा केल्यावर गाडीच्या अंगात दोष राहणारच. एका पावसाळ्यात ओहोळ ओलांडताना ती दगडावर आदळली आणि केबिनच्या मागे, हौद्याखाली चासीला तडा गेला. तो वेल्डिंग करून, वर पट्टी मारून बुजविला. दुसरा दोष असा की, चढावर भार असताना फोर व्हीलचा लहान गिअर आपोआप सुटतो. नेमका हवा असतो त्या क्षणी. सपाट डांबरी रस्त्यावर चालवून पाहणाऱ्याला यातले काहीच कळायचे नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला गिळू लागला, तेव्हा आमच्या अर्थसमितीने ती विकायचे ठरविले.

दलालाने गाडी पाहिली, दोन लाख साठ हजार येतील म्हणाला आणि मला एक धडाही देऊन गेला. “फादर, गिऱ्हाईक विचारेल तेवढ्याचं उत्तर द्या. जुन्या गाडीचा भाव हीच तिच्या दोषांची कबुली असते. नवी कोरी असती तर या भावात कुणी दिली असती?” युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपले कायदेही पुष्कळसे त्याच्याच बाजूने उभे आहेत. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम, काही महत्त्वाचे अपवाद सोडले तर, माल पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकते.

समितीतील एका सज्जनाने तर मला कॅनन लॉचीच आठवण दिली. ख्रिस्तसभेच्या मालमत्तेचा कारभार चांगल्या गृहस्थाच्या दक्षतेने करावा, असे १२८४ वा नियम सांगतो. शाळेचे छप्पर गळते आहे. फादरांच्या सद्सद्विवेकबुद्धीची किंमत गरीब मुलांनी का मोजावी? हा प्रश्न मला दलालाच्या धड्याहून जड गेला. स्वतःच्या खिशातून प्रामाणिक होणे सोपे असते. दुसऱ्याच्या पैशाचा विश्वस्त असताना उदार होण्याचा अधिकार मला कोणी दिला?

गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही हा विषय शिकलो होतो. सिसेरोने आपल्या कर्तव्यावरील ग्रंथात दोन तत्त्वज्ञांचा वाद नोंदविला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ. एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, लोकांना नाही. त्याने सांगावे काय? डायोजिनीस म्हणतो, गप्प राहणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसे एका समाजाची घटक आहेत, सांगितलेच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूचा. गंमत अशी की आपले संत थॉमस अक्वायनस धान्याच्या बाबतीत इतके कडक नाहीत. व्यापाऱ्याने सांगितले तर तो अधिक सद्गुणी, पण न्यायाने तो बांधलेला नाही, असे ते मानतात. मालातील दोषाविषयी मात्र ते ठाम आहेत. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर तो दोष दिसतोच. किंमत तेवढी कमी केली म्हणजे पुरे. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल, तर मुकाट्याने विकणे ही फसवणूकच. विकणारा भरपाईस बांधील. लंगडा घोडा वेगवान म्हणून, पडायला आलेले घर मजबूत म्हणून विकणे, ही त्यांची उदाहरणे. हौद्याखालचा तडा कोणत्या वर्गात बसतो, हे सांगायला संताची गरज नव्हती. त्या हौद्यात चिकूचे क्रेट जातील तशी लग्नाची वऱ्हाडेही उभी राहून जाणार, हे मला माहीत होते. कायद्याने जाऊ नयेत, पण जातात.

तरीही मी दोन दिवस डळमळत होतो, हे कबूल करतो. मला सावरले ते एका अनपेक्षित ठिकाणी वाचलेल्या उदाहरणाने. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात सतराव्या कलमाखाली एक घोडा येतो. ‘अ’ लिलावात ‘ब’ला घोडा विकतो. तो निकोप नाही हे ‘अ’ला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. लगेच दुसरे उदाहरण येते. घोडा तोच, मौनही तेच; पण घेणारी ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते.

माझ्या गाडीचे पहिले गिऱ्हाईक होते आमच्याच बोर्डिंगमध्ये शिकलेला एक वारली तरुण. कर्ज काढून गाडी घ्यायची, हंगामात बागांमधला चिकू वाहायचा, एरवी बाजाराच्या फेऱ्या मारायच्या, असा त्याचा बेत. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून मिटले, खाली वाकूनसुद्धा पाहिले नाही. “फादर, तुमची गाडी आहे, मग बघायचं काय?” एवढे म्हणून तो विसाराचे पैसे मोजू लागला.

व्यापारी विचारत नाही, कारण तो स्वतः खाली वाकून पाहतो. हा मुलगा विचारत नव्हता, कारण तो मला ‘फादर’ म्हणत होता. दोघांसमोर माझे मौन एकच असले तरी त्याचा अर्थ एक राहत नाही. एकासमोर मी नुसता गप्प. दुसऱ्यासमोर माझे मौन ‘गाडी ठीक आहे’ असे स्पष्ट बोलते, आणि ते खोटे बोलते. शिवाय तो विश्वास मी कमावलेलाही नव्हता. माझ्या आधी या भागात पायी हिंडलेल्या धर्मगुरूंनी तो कमावला. तो मोडून शाळेचे छप्पर शाकारणे, ही समितीच्या कोणत्याच खात्यात न बसणारी उधळपट्टी झाली असती.

याच मातीत न विचारणाऱ्यांचा एक इतिहास आहे. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे उचलणारा वारली बायकोसह त्याचा ‘लग्नगडी’ होऊन राबत असे. कागदावर काय लिहिले आहे हे तो विचारीत नसे, आणि सावकार न विचारलेले सांगत नसे. १९४५ साली झरी येथे हे लोक एकत्र जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते लिहून ठेवले आहे. आम्हा मिशनच्या लोकांचे आणि लाल बावट्याचे फारसे सख्य कधी नव्हते. पण तेव्हा प्रश्न विचारायला त्यांनी शिकविले, हे मान्य केले पाहिजे.

मी त्या मुलाला गाडीखाली घेऊन गेलो. तडा दाखविला, गिअरचे सांगितले, किंमत दोन लाखांवर आणली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे काका येऊन विसार परत घेऊन गेले. जाताना म्हणाले, “एवढं सांगितलंत, म्हणजे न सांगितलेलं आणखी किती असेल फादर?” मला राग आला. मग वाटले, त्यांच्या आजाने त्यांना दुसरे काय शिकविले असते? मुलाने पुढे महामार्गावरून दुसरी गाडी घेतली. ती कशी निघाली, हे विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही.

शेवटी गाडी एका व्यापाऱ्याने घेतली. त्याने खाली सरपटत जाऊन सगळे पाहिले. तरीही मी दोन्ही दोष कागदावर लिहून त्याची सही घेतली. त्याला कोऱ्या टीटी फॉर्मवर माझी सही हवी होती, म्हणजे पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी आमच्याच नावावर राहिली असती. मी नकार दिला. अपघात झाला तर नोंदणीवर ज्याचे नाव त्याच्यावरच भरपाई येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलेले आहे. नाव बदलल्याचा कागद हाती आला त्या रात्री मला शांत झोप लागली, हेही लिहिले पाहिजे. माझी विवेकबुद्धी नेमकी कशाने शांत झाली होती? दोष सांगितल्यामुळे, की नाव उतरल्यामुळे?

संत थॉमस दोन माणसांच्या व्यवहाराविषयी बोलतात. तिसऱ्याचे काय? व्यापारी गाडी स्वतः चालविणार नव्हता. मी खरे बोललो ते ज्याला खऱ्याची गरज नव्हती त्याच्याजवळ, आणि त्याने पुढे ते कोणाला सांगावे अशी सक्ती करण्याचा मला अधिकार नव्हता. निदान मी तशी समजूत करून घेतली.

सहा महिन्यांनी तलासरी नाक्यावर ती गाडी दिसली. रंग नवा, नंबर तोच. हौद्यात दहा-बारा माणसे, बहुतेक बाया, टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या. मी चालवणाऱ्याजवळ गेलो. तिशीचा असावा, अनोळखी. विचारले, “चासीचं सांगितलं होतं का तुला, घेताना?” “काय चासीचं?” तो म्हणाला. मी सांगितले. त्याने इंजिन बंद केले, रस्त्यावर आडवा झाला आणि हौद्याखाली सरकला. ताज्या काळ्या रंगावर तो किल्लीने खरवडू लागल्याचा आवाज येत होता. वर बसलेल्या बाया एकेक करून खाली उतरल्या, आणि बाजाराची वेळ टळत चालली म्हणून माझ्याकडे रागाने पाहत दुसरी गाडी शोधायला निघाल्या.