सांगणारा कोण?

नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली पांडुरंग सदाशिव साने यांनी आपलं बालपण लिहून काढलं, ते श्यामच्या नावावर. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईविषयी सांगतो. समोर ऐकणारे आहेत, म्हणून आठवणींना घाटही आला आहे. तरी मराठी घरांनी 'श्यामची आई' घडलेली हकिकत म्हणूनच वाचली. श्यामच्या स्मरणशक्तीवर शंका घ्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

ती शंका 'कोसला'ने घेतली, १९६३ साली. भालचंद्र नेमाड्यांचा नायकही पांडुरंगच, सांगवीकर. तोही आयुष्य सांगायला बसतो, पण बोलता बोलता त्याचा सांगण्यावरचाच विश्वास उडत जातो. मध्येच डायरीच्या नोंदी येतात. धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी मात्र त्याचा सगळा तिरकसपणा गळून पडतो, आणि मला त्याचं सर्वांत खरं वाटतं ते तिथेच. पुढे १९७४ मध्ये किरण नगरकरांनी 'सात सक्कं त्रेचाळीस' या नावातच हिशेब चुकवला. त्यातल्या नायकाच्या, कुशंकच्या आठवणी तुकड्यातुकड्यांनी येतात. त्यांची बेरीज करू नये.

विश्राम बेडेकरांचं उदाहरण तर विलक्षण आहे. 'रणांगण' ही कादंबरी, तिच्यात चक्रधर 'मी' म्हणून बोलतो. 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र, त्यात बेडेकर स्वतःला 'तो' म्हणतात. या आत्मचरित्राला १९८५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' त्याआधीचं, १९७८चं. क्रम मोडून ते शेवटी घेतो आहे, कारण इथे सांगणारा कोण हा प्रश्न नुसता वाङ्मयीन राहत नाही. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघे एकच. एक धामणगावच्या महारवाड्यातला नि मुंबईच्या कावाखान्यातला, दुसरा शिकलेला, नोकरदार, कवी. दुसऱ्याला जगता यावं म्हणून पहिल्याला गप्प बसावं लागलं होतं. ही फाळणी जातीने करायला लावलेली आहे. म्हणूनच कुठल्याही आधुनिक कादंबरीतल्या दुभंगलेल्या निवेदकापेक्षा दगडू मला मोठा वाटतो.

मीरा रोडच्या शांती नगरात राहताना हे रोज जाणवतं. इथल्या सेक्टरांत कितीतरी कुटुंबं दुसरीकडून आलेली. नव्या शेजाऱ्याला ओळख सांगताना गाव कोणतं, आधीची खोली कुठे होती, वडील काय करायचे, यातलं काय सांगायचं आणि काय गाळायचं हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. कुणी आडनाव आधी सांगतो, कुणी नुसत्या नावावर थांबतो. थांबणाऱ्याला मी खोटा म्हणणार नाही.

'बलुतं' आलं तेव्हा दलित समाजातल्याच काही शिकलेल्यांना ते रुचलं नाही. हे सगळं चव्हाट्यावर कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा राग मला समजतो. शहरात त्यांनीही मोठ्या कष्टाने नवी ओळख उभी केली होती, आणि दगडूने त्यांना न विचारता तोंड उघडलं होतं.