संग्रह आणि श्रवण

मनुष्याने वस्तूंचा संग्रह करावा काय, आणि केल्यास कोठवर करावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा धान्य, सोने आणि जमीन यांच्या संदर्भात विचारला जातो. पोटासाठी साठवले ते क्षम्य आणि हावेपोटी साठवले ते निंद्य, असा सोपा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. परंतु ज्या वस्तूने पोट भरत नाही आणि अडचणीच्या वेळी जी गहाणही टाकता येत नाही, ती जो प्रेमाने जमवतो, त्याच्याविषयी काय म्हणावे? जॅझ संगीताच्या जुन्या तबकड्या जमवणारा आणि त्या लावून ऐकणारा माणूस त्यांपैकीच एक. त्याचा आनंद हा निव्वळ छंद आहे, की त्यात काही कर्तव्यही अंतर्भूत आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जॅझ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा पंचतारांकित हॉटेल आणि मद्याचे पेले उभे राहतात. वास्तविक या संगीताचा जन्म गरिबांच्या घरी झाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरात, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलानातवंडांनी भक्तिगीते, श्रमगीते आणि बँडची वाद्ये यांच्या मिश्रणातून विसाव्या शतकाच्या आरंभी ते घडवले. त्याचा प्राण उत्स्फूर्त रचनेत आहे. प्रथम एक चाल सर्वांनी मिळून वाजवायची आणि नंतर प्रत्येक वादकाने त्याच चौकटीत त्या क्षणी सुचेल ते नवे गुंफायचे. आज वाजवले ते उद्या जसेच्या तसे येणार नाही, आणि कागदावर तर त्यातले फारच थोडे उतरते.

खानदेशच्या वाचकाला याचा अर्थ समजून घेण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. जळगावजवळच्या आसोदे गावी 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांच्या मुखातून ओव्या सहज बाहेर पडत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही वहीत टिपून ठेवल्या. बहिणाबाई 1951 साली निवर्तल्या आणि आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने 1952 साली ती गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जे टिपले गेले ते महाराष्ट्राचे धन झाले. जे टिपले गेले नाही ते जात्याच्या घरघरीत विरून गेले. ती वही कोणी निरुपयोगी म्हणून रद्दीत घातली असती तर?

जॅझच्या वादकांची वही म्हणजे तबकडी. एमिल बर्लिनर यांनी 1887 साली सपाट तबकडीचा ग्रामोफोन सिद्ध केला. पुढे अनेक दशके या तबकड्या लाखेपासून बनत, आणि जगाला लागणारी बहुतेक लाख आपल्या देशातील जंगलांतून जाई. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे. लुई आर्मस्ट्राँग यांनी 28 जून 1928 रोजी शिकागो येथे ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही रचना अशाच मर्यादेत मुद्रित केली. तिच्या आरंभी त्यांचे ट्रम्पेट काही क्षण एकटेच वाजते, आणि त्या थोड्याशा सुरांनी पुढच्या पिढ्यांतील वादकांना वाट दाखवली. 1948 साली व्हायनिलची, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूवर वीसेक मिनिटांचे वादन मावू लागले. माइल्स डेव्हिस यांनी 1959 साली ‘काइंड ऑफ ब्लू’ मुद्रित करताना सहकाऱ्यांपुढे केवळ त्रोटक आराखडे ठेवले. बाकीचे सारे तेथल्या तेथे सुचलेले आहे. आपण ती तबकडी लावतो तेव्हा सहा-सात माणसे एकमेकांचे ऐकत, एकमेकांना वाट करून देत चालली आहेत, याचे जणू साक्षीदार होतो.

आता आनंदाविषयी. आज मोबाइलवर बोट ठेवताच जगातील कोणतेही गाणे वाजते आणि दुसऱ्यांदा बोट ठेवताच ते बंदही होते. तबकडीचा स्वभाव निराळा आहे. ती वेष्टनातून काढताना कडेने धरावी लागते, खाचांना बोट लागू द्यायचे नसते, धूळ हळुवार पुसावी लागते आणि सुई जपून टेकवावी लागते. वीस मिनिटांनी उठून तिची बाजू बदलावी लागते. आपल्या भागातील चैत्र-वैशाखाच्या उन्हात तर तिची अधिकच काळजी घ्यावी लागते. पत्र्याच्या छपराखाली आडवी रचून ठेवली तर ती वाकते आणि मग सूर डुलू लागतात. हा सारा खटाटोप गैरसोयीचा वाटेल. परंतु ज्याच्यासाठी थोडे कष्ट घेतले, त्याच्यापुढे माणूस स्वस्थ बसतो. कष्टाविना मिळालेले आपण बहुधा दुसरे काही करता करता ऐकतो.

तबकडीच्या वेष्टनालाही अर्थ असतो. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी 9 डिसेंबर 1964 रोजी एकाच दिवसात ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची रचना मुद्रित केली. व्यसनाच्या गर्तेतून आपल्याला देवाने वर काढले, अशी त्यांची श्रद्धा होती आणि ही रचना त्यांनी देवाला अर्पण केली. वेष्टनाच्या आत त्यांनी स्वतः लिहिलेली प्रार्थना छापलेली आहे. ‘साम’, म्हणजे स्तोत्र, असे नाव दिलेल्या शेवटच्या भागात त्यांचे वाद्य त्याच प्रार्थनेचे शब्द एकेक करून जणू उच्चारत जाते. केवळ ध्वनी ऐकणाऱ्याला हे कळणे कठीण. वेष्टन उघडून प्रार्थना समोर ठेवणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात संगीताविषयीची स्वतःची अस्वस्थता मांडली आहे. गीताच्या आशयापेक्षा स्वरांनीच आपण अधिक हेलावतो, यात दोष आहे काय, असे ते स्वतःला विचारतात. तरीही उपासनेतील गायन ते नाकारत नाहीत. पुढच्या भागात काळाचे स्वरूप उलगडण्यासाठी त्यांनी स्तोत्र म्हणण्याचाच दाखला घेतला. म्हणावयाचा भाग अपेक्षेत असतो, म्हणून झालेला स्मरणात जातो, आणि मन दोन्ही एकत्र धरून ठेवते. लक्षपूर्वक ऐकणे हा या अर्थाने मनाचा व्यायाम आहे. जो एका वादकाचे वीस मिनिटे मध्ये न बोलता ऐकू शकतो, तो घरातील म्हाताऱ्या माणसाची तीच ती गोष्टही कदाचित अधिक धीराने ऐकेल.

येथे एक अन्यायही लक्षात घेतला पाहिजे. 1930 च्या दशकात लिऑन अॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. त्यांच्याकडून हे संगीत गोव्याच्या वादकांनी आत्मसात केले. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली ही मुले उपजीविकेसाठी मुंबईस आली होती. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्या 1951 सालच्या ‘अलबेला’ चित्रपटातील संगीताला त्यांची साथ होती. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा कितीतरी जणांनी हिंदी चित्रपटगीतांची वाद्यरचना लिहून काढली अथवा ती वाजवली. सारा देश ती गाणी गुणगुणत राहिला, परंतु तबकडीवर नाव छापले जाई ते बहुधा गायकाचे आणि संगीतकाराचे. वादकांची नावे पुढे ज्यांच्यामुळे उजेडात आली, त्यांत जुन्या तबकड्या जपणारे आणि आठवणी विचारत हिंडणारे लोक होते. ज्याच्या कलेचा आपण उपभोग घेतला त्याचे नाव जाणून घेणे, हे न्यायाचेच एक लहानसे कृत्य नव्हे काय?

असे कृत्य आपल्या धुळ्याला परिचित आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, वाण्याच्या पुड्यांसाठी अथवा वाळवीच्या भक्ष्यासाठी ठरलेले जुने कागद गोळा केले. 1926 च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे देहावसान झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांनी जमवले ते स्वतःच्या कपाटाची शोभा वाढवण्यासाठी नव्हे, तर छापून सर्वांपुढे ठेवण्यासाठी. संग्रह आणि हव्यास यांतील भेद येथे दिसतो.

कारण संग्राहकाच्या वाटेवर मोह आहेच. पहिल्या आवृत्तीची दुर्मीळ तबकडी मिळवण्यासाठी मजुराच्या महिन्याच्या कमाईहून अधिक रक्कम मोजणारे लोक आहेत, आणि ती मिळाल्यावर खाच झिजेल या भीतीने न वाजवणारेही आहेत. संत थॉमस अक्वायनस यांनी मालकी आणि उपयोग यांत भेद केला. वस्तू सांभाळण्यासाठी ती एकाच्या ताब्यात असणे योग्य. परंतु तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे मानून गरजवंताला देण्यास सिद्ध असावे. हाच निकष येथे लावून पाहू. दुर्मीळतेचा आनंद ती वस्तू दुसऱ्याजवळ नसण्यावर अवलंबून असतो. श्रवणाचा आनंद मात्र शेजारी येऊन बसला म्हणून कमी होत नाही, उलट वाढतो. आपल्याला यांपैकी कोणता आनंद होतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

कोणी म्हणेल, पावसाने दगा दिल्यावर कापसाच्या शेतात हातावर हात धरून बसणाऱ्या शेतकऱ्याच्या जिल्ह्यात ही चर्चा कशासाठी? आक्षेप गंभीर आहे. भुकेल्याच्या भाकरीतून कोणी तबकड्या घेत असेल तर तो दोषीच होय. परंतु गरिबाला फक्त भाकरीचीच गरज असते, असे समजणे हाही त्याचा अपमान आहे. बहिणाबाईंनी कष्टाच्या ऐन मध्यावर गाणी रचली, आणि जॅझ रचणाऱ्यांचे हातही श्रमाने रापलेले होते. त्यांनी जे घडवले ते आपण नीट ऐकतो तेव्हा कष्टकऱ्यांच्या बुद्धीला आणि प्रतिभेला मान देतो.

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात, अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबांच्या जुन्या घरांत, माळ्यावर अशा तबकड्यांची एखादी पेटी अजूनही असू शकेल. मुले मुंबईला अथवा परदेशी गेली, घर विकायला निघाले की ती पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर जाते. माझी धर्मग्रामातील कुटुंबांना एवढीच विनंती आहे. पेटी देऊन टाकण्यापूर्वी ती उघडावी. तबकड्या उभ्या, सावलीत ठेवाव्यात. ग्रामोफोन कोणाकडे असल्यास एका संध्याकाळी शेजाऱ्यांनाही बोलावून त्यांतील दोन-चार ऐकाव्यात. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ती कोणी आणली, कोणत्या लग्नात वाजली, वाजवणारा कोण होता, हे पेन्सिलीने एका कागदावर लिहून वेष्टनात ठेवावे. मग ती तबकडी कोणाकडेही गेली, तरी त्या माणसांची नावे तिच्याबरोबर जातील.