योगायोग की परमेश्वराची योजना?



दरवर्षी रामनवमीला आपल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी लाखो बंजारा बांधव येतात. कुणी तेलंगणातून, कुणी कर्नाटकातून. राज्ये वेगळी, शाळेत शिकलेल्या भाषा वेगळ्या. पण गर्दीत गोरबोलीचे दोन शब्द कानावर पडले की अनोळखी माणसे थबकतात, तांड्याची चौकशी करतात आणि शेजारी बसून भाकरी सोडतात. ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात गेलेल्या मजुरालाही हे ठाऊक आहे. परमुलखात आपली बोली हेच आपले घर!

कधी हे काम खेळही करतो. जमशेद नासिरी आणि मजीद बिश्कर हे इराणी तरुण शिक्षणासाठी अलिगढला आले. १९७९ मध्ये त्यांच्या मायदेशात क्रांती झाली. १९८० मध्ये ते दोघे कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघातून फुटबॉल खेळू लागले. जमशेद पुढे कोलकात्याचेच झाले. २९ जानेवारी २०२२ रोजी गोव्यात त्यांचा मुलगा कियान मोहन बागानकडून खेळला आणि त्याने वडिलांच्याच जुन्या संघावर तीन गोल केले. ज्या देशात बाप परका म्हणून आला, तिथे मुलगा घरचा झाला.

प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अशीच एक भेट आहे. संत पौल करिंथला आला. तिथे त्याला अक्विला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य भेटले. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोम सोडण्याचा हुकूम दिल्यामुळे ते तिथे आले होते. त्यांना जोडणारा दुवा कोणता? तंबू बनवण्याचा धंदा! पौल त्यांच्याच घरी राहिला. पुढे या दांपत्याच्या घरी ख्रिस्तसभा भरू लागली.

हा केवळ योगायोग होता का? संत थॉमस अक्वायनस एक सुंदर उदाहरण देतात. मालक दोन नोकरांना, एकमेकांना नकळत, एकाच ठिकाणी पाठवतो. नोकरांना ती भेट अचानक वाटते. मालकाने मात्र ती आधीच ठरवलेली असते.

पण इथे एक धोका आहे. आपल्या बोलीचा, आपल्या जातीचा माणूस ओळखणे सोपे असते. त्यात आपण रमलो की बाजूला उभा असलेला दिसत नाही. दयाळू शोमरोनी माणसाने जखमीला त्याचे गाव विचारले नव्हते. जखम हीच त्याला पुरेशी ओळख वाटली.

आपल्या चर्चमध्येही कामानिमित्त आलेली कुटुंबे शेवटच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच मुकाट्याने निघून जातात. मालकाने त्यांना आपल्याकडेच पाठवले असेल तर? आज बाहेर पडण्यापूर्वी अशा एका तरी माणसाचे नाव विचारा, चहाला घरी बोलवा. आपले स्वतःचे मूल उद्या पुण्या-मुंबईच्या एखाद्या चर्चमध्ये असेच एकटे बसलेले असेल.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू